पिस्तुलाच्या काडतुसात दारू कोणती भरावी? (आणि माझ्या छऱ्यांना पांढरं काय लागलंय?)

चिपळूणची_नेमबाज

नमस्कार मंडळी. मथळा वाचून कोणी वेगळी आशा धरून आला असेल तर माफ करा, ही बंदुकीची दारू आहे.

मी १० मीटर एअर पिस्तूल मारते. बाळंतपणानंतर, एकतिसाव्या वर्षी सुरू केलं, आता चार वर्षं झाली. दिवसा पतसंस्थेत कॅशला, संध्याकाळी सहा ते आठ रेंजवर. रेंज म्हणजे काय, तर खेर्डीकडचा आंब्याचा जुना पॅकिंग शेड. पाच लेन, कागदी टार्गेट, दोरी-कप्पीने ओढायचं. वरती पत्रा, त्यामुळे पाऊस लागला की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. एकाग्रतेला तसं बरंच आहे ते.

मार्चमध्ये माझे ६० शॉटचे, ६०० पैकी स्कोअर होते ५५१, ५४८, ५५३. मृग लागल्यापासून ५३६, ५३१, ५३८. दर सिरीजला, म्हणजे दहा शॉटला, एखादा आठ, कधी दोन. आणि ते आठ असे की हाताला कळतसुद्धा नाही, कागद जवळ आला की बघून पोटात गोळा येतो.

माझा मावसभाऊ ओहायोत असतो. तोही पिस्तूल मारतो, नऊ एमएम, धावत-पळत मारायची मॅच. तो काडतुसं घरी स्वतः भरतो. गॅरेजमध्ये प्रेस, तराजू, पाच प्रकारच्या पावडरी. त्याला रडगाणं सांगितलं तर म्हणाला, "ताई, दारूगोळा बदल. मी पावडर बदलली नि ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, निम्म्यावर आला." म्हणून दोन प्रश्न.

एक, हे लोक पावडर निवडतात कशी? पुढच्या वर्षी २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल सुरू करायचा विचार आहे, तेव्हा आपल्याकडे असं काही करता येतं का?

दोन, माझ्या एअर पिस्तुलात पावडर नाही (सिलिंडरमधल्या हवेच्या दाबाने छरा सुटतो), पण छऱ्यांचा लॉट बदलून तेवढाच फरक पडेल का? आत्ताचे छरे ७ ग्रेन वजनाचे, चपट्या डोक्याचे, मॅचचेच आहेत. फक्त डबा उघडला की वर पांढरी बुरशीसारखी पूड दिसते. फुंकून वापरते.

---

वकिली_बाणा (रत्नागिरी)

पहिल्या प्रश्नापुरतं. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५. परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं गुन्हा आहे, आणि रिकाम्या काडतुसात दारू भरून गोळी बसवणं हे तयार करणंच. मावसभावाकडून डबा, प्रेस काही मागवायच्या भानगडीत पडू नका, विमानतळावरच प्रकरण होईल. सामन्यांचा दारूगोळा परवान्यावर आणि रायफल असोसिएशनमार्फत मिळतो, तोच वापरायचा.

.१७७ बोअरच्या (४.५ मिमी) आतल्या, २० जूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला हा त्रास नाही. त्यामुळे छऱ्यांवर काय ते प्रयोग करा.

---

ठासणीवाला_काका (गुहागर)

ताई, वकीलसाहेबांनी कलम सांगितलं, मी त्याहून आधीची अडचण सांगतो. बायकांची २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल .२२ ची. ते काडतूस रिमफायर. म्हणजे पेटवायचा मसाला बुडाच्या कडेत, आत गोल फिरवलेला असतो, आणि हातोडी त्या कडेवर बसली की कड चेपते. एकदा चेपली की संपलं. सेंटर फायरला मधोमध वेगळी टिकली असते, ती काढून नवी बसवता येते, म्हणून नऊ एमएम किंवा .३२ पुन्हा भरता येतात. .२२ ओहायोतही कोणी भरत बसत नाही. तेव्हा हा विचार मनातून काढा.

आता पावडर कशी निवडतात ते. मी एकतीस वर्षं पेनसिल्व्हानियात टूलरूममध्ये होतो, त्यातली बावीस वर्षं तळघरात काडतुसं भरली. आता इथे सुपारीला पाणी लावतो. आमच्या आजोबांकडे रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. काळी दारू, चिंधी, गज. ते "बार भरणं" लहानपणी जवळून बघितलेलं, त्यामुळे तिकडे पहिल्यांदा प्रेसवर बसलो तेव्हा आजोबांच्याच हातातलं काम करतोय असं वाटलं. फक्त आजोबा माप मुठीने घ्यायचे आणि मी ग्रेनच्या दहाव्या भागाने. एका पाउंडात ७००० ग्रेन, त्यावरून अंदाज करा.

दुकानात फळीवर तीसचाळीस डबे असतात. नवा माणूस विचारतो, "सगळ्यात चांगली कुठली?" दुकानदार उलट विचारतो, गोळी किती वजनाची, नळी केवढी, मारायचं कशासाठी. हे बरोबर आहे. पिस्तुलाची नळी चारपाच इंच, गोळी आत असते ती सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. तेवढ्यात जळून संपेल अशी जलद पावडर हवी. रायफलची सावकाश जळणारी घातली तर निम्मी नळीबाहेर जळते, नुसता जाळ आणि आवाज.

जलद पावडरींतही पुन्हा आठदहा नावं. बुल्सआय ही जुनी, टार्गेटवाल्या म्हाताऱ्यांची आवडती. डब्ल्यू २३१ आणि एचपी ३८, या दोन डब्यांत एकच पावडर असते, हे मला दोन वर्षांनी कळलं, तोवर मी "दोन्हींची तुलना" करत होतो. टाइटग्रुप थोडीशी घातली तरी पुरते. एन ३२० फिनलंडची, धूर कमी, दाम जास्त.

मी शेवटी निवड केली ती दोन गोष्टींवर, आणि दोन्हींचा नेमाशी थेट संबंध नाही.

पहिली, मापात कशी उतरते. माप वजनावर नसतं, आकारमानावर असतं, आपल्या मापट्यासारखं. बारीक गोल दाण्यांची पावडर रव्यासारखी उतरते, दरवेळी सारखी. मोठ्या चकत्यांची पोह्यांसारखी. मापट्यात पोहे भरा, एकदा हलकं, एकदा ठोकून, वजन करून बघा. म्हणजे काय म्हणतोय ते कळेल.

दुसरी गोष्ट जिवाची. जी पावडर थोडी घातली तरी पुरते, ती काडतुसाच्या तळाशी बसते, अर्धी जागा रिकामी. चुकून दोनदा माप पडलं तरी आत मावतं, वरून गोळी बसते, बाहेरून काही दिसत नाही. मग ते काडतूस हातात फुटतं. म्हणून मी अशी घेतली की एका मापाने काडतूस बरंच भरावं आणि दुसरं पडलं तर टेबलावर सांडावं. थोडा खर्च वाढतो, वाढू दे. टेबलावर एका वेळी एकच डबा. दुसरा उघडायचा तर पहिला कपाटात. आणि आकडे पावडर कंपनीच्या छापील तक्त्यातून, सुरुवात सगळ्यात खालच्या आकड्यापासून. मित्राच्या वहीतून नाही, व्हिडिओतून तर नाहीच.

त्यांच्या मॅचला एक किमान ताकद लागते, पॉवर फॅक्टर म्हणतात. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटांत, गुणाकार भागिले हजार. खालच्या गटाला १२५ पाहिजे. १४७ ग्रेनची गोळी ८७० च्या वेगाने गेली तर १२७.९, म्हणजे पास, वर थोडा वाव. मावसभाऊ ज्याला "पावडर बदलली" म्हणतोय तो मुख्यतः हा खेळ असणार: ताकद तेवढीच राखून झटका मऊ करायचा. तुमच्या खेळात हा प्रश्नच नाही.

एक किस्सा सांगतो, कारण तो आठवला की अजून हात थंड पडतात. मॅच चालू, टायमर वाजलेला, मी तिसऱ्या टार्गेटवर. 'ठो'च्या जागी 'फुस्स'. अंगात वेग असतो, मी स्लाइड ओढून पुढचं काडतूस आत घातलं, बोट ट्रिगरवर. मागून रेंज ऑफिसर असा ओरडला की मी पुतळा झालो. पिस्तूल उघडलं, नळीत वरून काडी घातली तर मध्येच अडली. त्या काडतुसात पावडरच पडली नव्हती. नुसत्या टिकलीने गोळी नळीत अर्ध्यावर ढकलली. पुढचा शॉट गेला असता तर नळी फुटली असती. चूक माझी, आदल्या रात्री भरताना फोन आला होता. त्या दिवसापासून भरताना फोन वरच्या मजल्यावर.

आता तुमच्याकडे येऊ. लॉटने फरक पडतो. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा असतो, प्रत्येक नळीला एखादा जास्त मानवतो. पण हातात धरून मारून हे कळणार नाही, तुमचाच हात छऱ्यांपेक्षा जास्त हलतो. असं करा. एक जांभा चिरा घ्या, नीट बसणारा. त्यावर बोल्टने सुताराचा शिकंजा. पिस्तुलाची मूठ सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळून त्यात धरा, नळी आणि सिलिंडर मोकळे. शिकंजा फार आवळू नका. लॉट बदलला की आधी दहा छरे नुसते मारायचे, नळीला नव्या शिशाची सवय होऊ दे. मग दहा छऱ्यांचा एक कागद, प्रत्येक लॉटचे तीन कागद. भोकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत व्हर्नियरने मोजा. सगळ्यात मोठा कागद फेकून द्यायचा मोह होतो. तो फेकायचा नाही.

आणि ती पांढरी पूड फुंकू नका हो. त्याचं कोणी जाणकार सांगेल.

---

मालवणी_खाजा (मालवण)

धाग्याचो मथळो वाचून मी ग्लास घेवन बसलंय, हय तर भलताच निघाला.

गो बाय, एक विचारतंय. सिलिंडर कसो भरतस? हातपंपान? पावसात हातपंप मारलंस तर हवेतला पाणी पण आत जाता. आमच्या हय तारकर्लीक स्कूबावाले आसत, त्यांच्या कॉम्प्रेसराक फिल्टर असता, हवा कोरडी येता. त्यांची टाकी २०० बार दाबाची, तुज्या पिस्तुलाचो सिलिंडर पण २०० चोच. ॲडाप्टर घेवन ये. आणि सिलिंडरावरची तारीख बघ. धा वर्सां झाली काय मॅचीक घेवक देवचे नाय.

आणि शिसा हाताळून तसोच वडो खाव नको, हात धू.

---

खोली_नंबर_सात (रसायनशास्त्र शिकवतो, सावंतवाडी)

पांढरी पूड म्हणजे बुरशी नव्हे. तो शिशाचा कार्बोनेट, जुन्या रंगवाल्यांचा सफेदा. पूर्वी युरोपात सफेदा मुद्दाम करायचे तो असा: शिशाच्या पट्ट्या व्हिनेगरच्या भांड्यांवर ठेवायच्या आणि सगळं शेणखतात गाडायचं. खताची ऊब, त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड, व्हिनेगरची वाफ आणि ओलावा. काही आठवड्यांत पट्ट्या पांढऱ्या.

तुम्ही अजाणता हीच भट्टी घरात लावली असणार. डबा कुठे ठेवता? बंद लाकडी कपाटात असेल तर उत्तर मिळालं. लाकडातून ॲसेटिक आम्लाची वाफ थोडी थोडी निघत असते, दमट हवेत जास्त. संग्रहालयवाले शिशाची नाणी आणि मोहरा लाकडी खणात ठेवत नाहीत ते यासाठीच.

अखंड शिसं हाताला लागतं तेवढंच. ही पूड मात्र उडते, श्वासात जाते, बोटांवरून तोंडात जाते. घरात लहान मूल आहे असं वरच्या मजकुरावरून दिसतं, म्हणून स्पष्ट सांगतो: त्या डब्याला मुलाचा हात लागता कामा नये. फुंकणं बंद. रेंजवरून आल्यावर साबण आणि गार पाणी, कपडे वेगळे. पांढरे झालेले छरे ओल्या फडक्याने डब्यासकट पुसून, पिशवीत बांधून बाजूला काढा. नवे डबे झिप पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह, प्लॅस्टिकच्या किंवा स्टीलच्या डब्यात.

---

चिपळूणची_नेमबाज

सर, अंगावर काटा आला. डबे सासूबाईंच्या फणसाच्या कपाटात आहेत, खालच्या खणात. वरच्या खणात आमसुलं आणि लोणच्याच्या बरण्या. मुलगा साडेचार वर्षांचा. आज संध्याकाळीच सगळं बाहेर काढते. त्याची रक्ततपासणीही करून घेते.

काका, चिरा मिळाला. शेजारी कंपाउंड चाललंय. रविवारी करते.

---

चिपळूणची_नेमबाज

(रविवारनंतर)

केलं. नवरा व्हर्नियर घेऊन, मी ट्रिगरला. शिकंजा चिऱ्यावर, चिरा पॅकिंगच्या टेबलावर. पहिले वीस छरे वाया गेले कारण टेबलच हलत होतं, मग चिरा थेट जमिनीवरच्या पायरीवर घेतला आणि मी पालथी झोपून मारले. शेडमधली पोरं हसत होती.

बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, तीन कागदांची सरासरी मिलिमीटरमध्ये:
डबा १, ४.४९ चा: ७.८
डबा २, ४.५० चा: ६.४
डबा ३, तोच ४.५० चा पण दुसरा लॉट: ७.१
डबा ४, पांढरे पडलेले (मास्क आणि हातमोजे घालून, या चाचणीपुरतेच मारले, सर रागावू नका): ९.६

पांढरा एक छरा भिंगाखाली बघितला. घाघऱ्याच्या, म्हणजे छऱ्याच्या मागच्या पसरट भागाच्या, कडेला पापुद्रे सुटल्यासारखं, एका बाजूला बारीक खड्डा. बाकीच्यांची कड ब्लेडसारखी.

म्हणजे गुन्हेगार सापडला ना काका? डबा ४ टाकला, डबा २ घेतला, की पुन्हा ५५०?

---

ठासणीवाला_काका (गुहागर)

झोपून मारलेत हे फार आवडलं. पण घाई करू नका, कागद-पेन घ्या.

९.६ मधून छऱ्याची जाडी ४.५ वजा करा. ५.१. म्हणजे सगळ्यात वाईट डब्यातही छऱ्यांचे मध्यबिंदू एकमेकांपासून जास्तीत जास्त ५ मिलिमीटर पांगले. मधोमध नेम असेल तर एक छरा मध्यापासून फार तर अडीच मिलिमीटर सरकला.

दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५. छऱ्याची कड नुसती टेकली तरी दहा, म्हणजे मध्यबिंदू ८ मिलिमीटरपर्यंत सरकला तरी दहा. नऊच्या वर्तुळाचा व्यास २७.५. त्याच हिशेबाने आठ पडायला छरा मध्यापासून १६ मिलिमीटरच्याही पलीकडे जावा लागतो.

तुमचा पांढरा छरा अडीच सरकवतो. उरलेले साडेतेरा कोणी सरकवले?

डबा २ ने तुमचे कडेवरचे काही नऊ दहा होतील. आतले दहा, म्हणजे दहाच्या वर्तुळातही अगदी मधले, वाढतील, आणि बरोबरी झाली तर तेच मोजतात, तेव्हा काम फुकट गेलं नाही. तीनचार गुण, बस. पंधरा नाही. मीही तिकडे तीन हिवाळे पाच पावडरी झिजवल्या. शेवटी दोन पावडरींचे कागद शेजारी ठेवले तर बायकोने विचारलं, यातला कुठला कुठला?

आठ कुठल्या बाजूला पडतात ते लिहा. आणि मार्च ते जून या काळात पिस्तुलात काय बदललं ते आठवा. काहीही.

---

चिपळूणची_नेमबाज

काहीच बदललं नाही, असं लिहायला बसले होते.

आठ जवळजवळ सगळे डावीकडे खाली. जुने कागद काढून बघितले, अकरापैकी नऊ. मी उजवी आहे.

मूठ अक्रोडाच्या लाकडाची. खालचा टेकू मार्चमध्ये हाताला नीट बसवून स्क्रू आवळला होता, तेव्हापासून हात लावला नाही. काल रात्री पिस्तूल हातात घेतलं आणि मुद्दाम डोळे मिटून फक्त हात जाणवून बघितला. करंगळीखालचा मांसल भाग टेकूत दाबला जातोय. मार्चमध्ये तिथे पोस्टकार्ड सरकायचं, आता कागद सरकत नाही. मग बोट ट्रिगरवर नेलं तर टोकाऐवजी पहिल्या पेरापाशी बसतंय, कारण सगळा हातच वर-पुढे ढकलला गेलाय. दाबलं की नळीचं तोंड डावीकडे खाली जातं. आरशात दिसलं मला ते.

दारं फुगतात, खिडक्या लागत नाहीत, देव्हाऱ्याचा खण जूनमध्ये अडकतो हे दरवर्षी बघते. हातातलं लाकूडही लाकूडच आहे हे डोक्यात आलं नाही.

---

ठासणीवाला_काका (गुहागर)

टेकू अर्धा मिलिमीटर खाली घ्या. मूठ तासू नका! दिवाळीनंतर ती पुन्हा आकसेल, मग काय चिकटवणार. स्क्रूच्या जागी पेन्सिलने दोन खुणा करा, एक "उन्हाळा", एक "पाऊस".

---

चिपळूणची_नेमबाज

दोन आठवड्यांनी लिहितेय. टेकू खाली घेतला. डबा २ चे छरे. स्कोअर ५४४, ५४९, ५४७. आठ एकूण तीन. १८० शॉटमध्ये.

मुलाचा रिपोर्ट ठीक आला. आमसुलं सासूबाईंनी टाकायला नकार दिला होता, बरणी घट्ट बंद होती म्हणे; सरांचं उत्तर वाचून दाखवल्यावर टाकली, पण दोन दिवस बोलल्या नाहीत.

डबा ३ सरावाला वापरतेय. डबा २ च्या लॉटचे आणखी चार डबे दुकानदाराकडे आहेत, पैसे भरून ठेवलेत.

आता हवेचं. हातपंप बंद करायचाय. गणपतीआधी चिपळूणहून मालवणला गाडीने कोणी जाणार असेल तर कळवा. एक सिलिंडर आणि ॲडाप्टर द्यायचा आहे, येताना भरून आणायचा. बदल्यात नारळाच्या वड्या.

---

मालवणी_खाजा (मालवण)

माजो भाचो शुक्रवारी चिपळूणाक येतलो, एसटी स्टँडावर भेट. वड्ये दोन डबे.